वाचकांचे प्रश्न : रिव्हेटच्या डोक्याएवढी गोष्ट

गेल्या अंकात मी आमच्या आरव्ही-९ए विमानाबद्दल लिहिलं होतं. मी आणि माझ्या नवऱ्याने ओहायोतल्या घराच्या गॅरेजमध्ये किटवरून बांधलेलं हे दोन आसनी विमान. त्या लेखात एक वाक्य होतं: वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी सगळी उपकरणं विमानाच्या बाजूला असलेल्या दोन बारीक भोकांवर अवलंबून असतात. या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. मला त्याचा आनंदच झाला. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात उपकरण विभागात होते आणि मीही नोकरीची सगळी वर्षं उपकरणं उघडून, साफ करून, तपासून काढली. या भोकांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. त्यांच्याबद्दल कुणी आपणहून विचारतं, असं माझ्या वाट्याला फारसं आलेलं नाही. म्हणून हा महिना त्यांच्यासाठी.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मिळून आरव्ही-७ बांधतो आहोत. किटमध्ये स्टॅटिक पोर्ट म्हणून चक्क एक पॉप रिव्हेट (मधली खिळी काढली की पोकळ राहणारा) दिला आहे. बाजारात लेथवर कातलेले, पत्र्याशी अगदी सपाट बसणारे ॲल्युमिनिअमचे पोर्ट मिळतात. ते दिसायला सुबक आहेत आणि नळी जोडायलाही सोपे. आम्ही ते आणूनही ठेवले आहेत. लावावेत ना?
– एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : लावू नका. आणले असतील तर परत करा, किंवा दुसऱ्या कुठल्या कामासाठी ठेवून द्या. आता सांगते का ते.

स्टॅटिक पोर्टने आजूबाजूच्या हवेचा दाब मोजायचा असतो, म्हणजे विमान तिथे नसतंच तर त्या उंचीवर जो दाब असता तो. अडचण ही की विमान तिथे असतं आणि हवेला बाजूला सारत जात असतं. नाकापाशी हवा अडते, दाब वाढतो. काचेच्या छतावरून ती जोरात निसटते, दाब उतरतो. शेपटीकडे जाताना तो पुन्हा चढू लागतो. या चढ-उतारात बॉडीवर अशा मोजक्याच जागा सापडतात जिथे दाब खऱ्या दाबाच्या जवळ असतो. आरव्हीच्या आराखड्यातली जागा त्यांतली एक. पण ती जागा एकटी नाही, तिच्याबरोबर त्या रिव्हेटचं घुमटासारखं डोकंही आहे. डोक्यावरून जाताना हवा किंचित वेग घेते आणि घुमटाच्या माथ्यावर, म्हणजे भोकापाशीच, दाब थोडासा उतरतो. जागा आणि उंचवटा मिळून हिशोब जुळतो. हजारो आरव्ही याच जोडीवर उडताहेत. उंचवटा काढून तिथे सपाट पोर्ट बसवलात की भोकापाशी दाब जास्त राहील, आणि वेगही कमी दिसेल, उंचीही कमी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं विमान पहिली दीड वर्षं रंगाविना, नुसत्या चकचकीत पत्र्यात उडत होतं. तेव्हा १४० नॉटला वेगदर्शकातली चूक एका नॉटच्या आत होती, मी स्वतः मोजली होती. मग विमान रंगवायला दिलं. रंगारी मनापासून काम करणारा. त्याला ते दोन रिव्हेट डोळ्यांत खुपले असणार, कारण त्याने त्यांच्या भोवती लांबी (पुट्टी) भरून, घासून, इतका सुंदर उतार केला की बोट फिरवलं तरी डोकं लागत नव्हतं. भोक मात्र त्याने जपून उघडं ठेवलं होतं, त्यामुळे मलाही काही वावगं दिसलं नाही. पहिल्याच उड्डाणात त्याच इंजिन-सेटिंगला १४०च्या जागी १३६ नॉट. नवरा म्हणाला, रंगाचं वजन. मी म्हणाले, प्रोपेलर. दोन आठवडे आम्ही दोघेही चुकीच्या गोष्टी तपासत होतो.

मला शहाणपण सुचलं ते उंचीवरून. वेगदर्शक पिटो ट्यूबमधला, म्हणजे समोरून आदळणाऱ्या हवेचा, दाब आणि स्टॅटिक दाब यांतला फरक दाखवतो. अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण, नुसत्या स्टॅटिक दाबावर चालतं. चूक स्टॅटिकमध्ये असेल तर ती दोन्हीकडे दिसायलाच हवी, आणि ठरलेल्या प्रमाणात दिसायला हवी. १४० नॉटला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे ३२ हेक्टोपास्कल असतो. १४०चे १३६ दिसायला स्टॅटिक दाबात १.८ हेक्टोपास्कलची चूक पुरते. जमिनीलगत एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ फूट. म्हणजे अल्टिमीटर ५० फूट कमी दाखवायला हवा. मी आमच्या धावपट्टीवर, पहाटे, वारा नसताना, सरळ एक फेरी मारली. बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याने हँगरच्या छताच्या मानाने आमची उंची ताडली. ५० फूट कमी. तेव्हा रंगाचं वजन आणि प्रोपेलर दोन्ही निर्दोष सुटले. वजनाने विमान हळू होईल, पण धावपट्टी ५० फूट खाली जाणार नाही.

मग मी प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि टोकदार लाकडी काडीने ती लांबी दोन्ही बाजूंनी काढली, रिव्हेटची डोकी उघडी केली, भोकाच्या काठाला कुठे रंगाची किनार राहिली नाही ना हे भिंगातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी १४०. रंगाऱ्याला मी बोलावून दाखवलं. त्याला वाईट वाटलं, आणि मला त्याहून जास्त, कारण रंगवायला देताना त्या दोन जागांबद्दल चार शब्द सांगणं माझं काम होतं. तुम्ही ते सांगा. चिठ्ठी चिकटवा.

५० फूट म्हणजे काय एवढं, असं तुमच्यातला एकजण नक्की म्हणेल. अमेरिकेत छोट्या प्रमाणित विमानांसाठी स्टॅटिक यंत्रणेच्या उंचीतल्या चुकीची जुनी मर्यादा दर १०० नॉटला ३० फूट अशी होती. १४० नॉटला ती ४२ फूट येते. घरी बांधलेल्या विमानाला ही मर्यादा कायद्याने लागू नाही, पण कारखान्यातून आलेलं विमान ज्या चुकीसाठी नापास झालं असतं ती मी माझ्या विमानात का चालवून घ्यायची? शिवाय कंट्रोलरला तुमची उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डरही याच नळीतून उंची घेतो. तुमची चूक तुमच्यापुरती राहत नाही, ती कंट्रोलरच्या पडद्यावर आणि समोरून येणाऱ्या विमानापर्यंत जाते.

आता बसवण्याबद्दल. भोक पत्र्याला काटकोनात आणि काठ स्वच्छ हवा. काठाला चॅम्फर (तिरकी कड) मारू नका, बर (धातूची उरलेली धार) ठेवू नका. पोर्टच्या लगेच पुढे पत्र्याचा जोड, पॅच, अँटेना, पायरी असलं काही येऊ देऊ नका. दोन पोर्ट, दोन बाजूंना, समोरासमोर, आणि आत एका टी-जोडाने एकत्र; विमान आडवं घसरलं की एका बाजूचा दाब वाढतो, दुसरीचा उतरतो आणि दोन्ही मिळून बराचसा फरक मिटतो. रिव्हेटची मधली खिळी काढून टाकल्यावर आत येणाऱ्या दांड्यावर नळी चढवा आणि सीलंट द्या. हा सीलंट हात राखून देऊ नका, कारण तिथे फट राहिली तर उपकरणांना बाहेरच्या हवेत विमानाच्या पोटातली हवा मिसळून मिळेल. पण तो भोकाकडे सरकणार नाही इतकाच द्या. नळी पोर्टपासून आधी वर न्या, बॉडीच्या वरच्या कडेपर्यंत, आणि मग पुढे. पावसाचं किंवा धुण्याचं पाणी आत शिरलं तर ते परत भोकातून बाहेर पडलं पाहिजे, उपकरणांकडे वाहत जाता कामा नये. वाटेत नळी लोंबती ठेवलीत तर त्या झोळात पाणी साठेल.

काही विक्रेते त्या रिव्हेटसारख्याच घुमटाचे कातीव पोर्टही विकतात. सुबकपणाच हवा असेल तर ते घ्या, मात्र डोक्याची उंची आणि गोलाई कॅलिपरने रिव्हेटशी ताडून.

प्रश्न : आमचं विमान (आरव्ही नाही, दुसऱ्या किटचं) गेल्या महिन्यात उडालं. चाचणीच्या तासांमध्ये असं दिसतंय की जीपीएसच्या मानाने वेगदर्शक ५ नॉट जास्त दाखवतो. पडद्यावरच्या डिजिटल यंत्रणेत वेगाची दुरुस्ती भरायची सोय आहे. ती भरून मोकळं व्हावं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. एक तर त्या दुरुस्तीने वेग बरोबर दिसेल आणि उंची चुकीची तशीच राहील. दुसरं, तुमची चूक ज्या दिशेची आहे ती मला आवडलेली नाही. वेग कमी दिसला तर माणूस थोडा जास्त वेगाने उतरतो, धावपट्टी थोडी जास्त लागते. वेग जास्त दिसला तर उतरताना तुम्ही स्वतःला वाटतं त्यापेक्षा स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, जवळ असता. हे उलगडेपर्यंत उतरायला येताना ५ नॉट वाढवून उडवा.

आधी एक खात्री करा की चूक खरोखर आहे. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, वेगदर्शक हवेतला, तोही घनतेची दुरुस्ती न केलेला. ८,००० फुटांवर, प्रमाण तापमानात, वेगदर्शकावर १४० नॉट असले तर खरा हवाई वेग सुमारे १५८ नॉट असतो. आणि हा हिशोब तापमानावर अवलंबून आहे: थर्मामीटर १० अंशांनी चुकला तर जवळजवळ ३ नॉटचा फरक पडतो. थर्मामीटरची कांडी इंजिनाच्या गरम हवेच्या वाटेत किंवा उन्हाने तापलेल्या पत्र्यात बसवलेली नाही ना, हे पाहा. मी असे ३ नॉट एका मैत्रिणीच्या विमानात सापडलेले पाहिले आहेत. पोर्ट बिचारे ठीक होते.

वारा वजा करायला चौकोन उडवा. पहाटे, हवा शांत असताना, एकाच उंचीवर आणि एकाच दर्शवलेल्या वेगाला नाकाची दिशा उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम ठेवा. जमिनीवरचा मार्ग कुठे सरकतो ते सरकू द्या, नाक हलवू नका. प्रत्येक बाजूवर आकडा स्थिर झाला की लिहून घ्या आणि चारांची सरासरी काढा. समजा खरा हवाई वेग १५० आहे आणि उत्तरेकडून २० नॉटचा वारा आहे. तुम्हाला १३०, १५१, १७०, १५१ मिळतील, सरासरी १५०.५. एवढ्या वाऱ्यातही चूक एका नॉटच्या आत राहते. नुसतं जाऊन-येऊन सरासरी काढणाऱ्यांना आडव्या वाऱ्यात चुकीचं उत्तर मिळतं. ही फेरी तीन वेगांना करा: हळू, मध्यम, जलद.

तरीही ५ नॉट जास्त येत असतील तर मला पहिला संशय गळतीचा. उडताना बहुतेक छोट्या विमानांच्या केबिनमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, हवा फटींतून ओढली जाते. पॅनेलच्या मागे स्टॅटिक नळीचा एखादा जोड सैल असेल तर उपकरणांना हाच कमी दाब मिळतो: वेग जास्त, उंचीही जास्त. तुमच्या लक्षणाशी हे जुळतं.

गळती तपासायची रीत अशी. एका बाजूचा पोर्ट टेपने बंद करा. दुसऱ्या पोर्टवर मऊ रबराचा कप लावून त्याला नळी आणि मोठी सिरिंज जोडा. वेगदर्शकाला इजा होऊ नये म्हणून पिटो आणि स्टॅटिक दोन्ही बाजू टी-जोडाने एकत्र करून एकाच वेळी ओढा. सिरिंज अगदी हळू ओढत अल्टिमीटर १,००० फूट वर आणा, नळी चिमटीत धरून बंद करा आणि घड्याळ पाहा. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. अमेरिकेत ढगांतून उपकरणांवर उडणाऱ्या विमानांची दर २४ महिन्यांनी जी तपासणी होते, तिच्यातही केबिनमध्ये दाब न भरणाऱ्या विमानांना हीच मर्यादा लावतात. सोडतानाही हळूच सोडा, चढ-उतार दाखवणाऱ्या उपकरणाची सुई धक्क्याने बिघडते. तोंडाने ओढू किंवा फुंकू नका. या एका गोष्टीसाठी वडिलांनी मला ओझरच्या क्वार्टरमध्ये, मी नववीत असताना, हातातून नळी काढून घेऊन रागावलं होतं.

गळती नसेल तर वेगदर्शक तपासा. त्याला पाण्याची यू-नळी पुरते: पारदर्शक नळी, फळी, फूटपट्टी, रंगीत पाणी. पिटोच्या बाजूला हळू दाब देऊन दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक १६६ मिलिमीटर केलात की उपकरणाने १०० नॉट दाखवले पाहिजेत. ३७७ मिलिमीटरला १५०. मला ही यू-नळी फार प्रिय आहे. तिला बॅटरी लागत नाही आणि तिचं कॅलिब्रेशन कधी संपत नाही.

उपकरणही बरोबर निघालं तरच पोर्टला हात लावा. तुमच्याकडे भोकापाशी दाब कमी पडतोय, तो वाढवायचाय. भोकाच्या लगेच मागे पातळ पट्टी लावली की हवा तिथे अडते आणि दाब वाढतो. पुढे लावली तर उलट होतं. आधी टेपचेच एकावर एक थर देऊन पाहा, दोन्ही बाजूंना सारखे, आणि प्रत्येक वेळी तोच चौकोन पुन्हा उडवा. आकडे जमले की त्या जाडीची पत्र्याची पट्टी कायमची चिकटवा. आणि मग उंचीवरून उलट-तपासणी करा, जशी मी केली. वेग सुधारला आणि उंची सुधारली नाही, तर तुम्ही चूक दडवली आहे.

प्रश्न : किटला तयार जागा मिळते. पण ज्याचं डिझाइनच स्वतःचं आहे त्याने भोक कुठे पाडायचं? कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं विमान मी २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पाहिलं, तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांनी त्या विमानात काय केलं हे त्यांनीच सांगावं. सर्वसाधारण वाट अशी: पंखाची मागची कड आणि शेपटीची पुढची कड यांच्या मधोमध, बॉडीची बाजू जिथे सपाट असेल तिथे, पुढे-मागे तीन-चार प्रयोगाची भोकं पाडायची आणि प्रत्येकाची नळी वेगळी आत आणायची. मग ताडायला एक बिनचूक दाब हवा. त्यासाठी लांब नळी मागे सोडून तिच्या टोकाला शंकू बांधतात. शंकू नळी ताठ ठेवतो आणि त्याच्या पुढे नळीला पाडलेली भोकं विमानापासून दूर, न ढवळलेल्या हवेतला दाब देतात. ज्या भोकाचा दाब या नळीशी सगळ्या वेगांना जवळचा राहतो ते ठेवायचं, बाकीची बुजवायची. दुसरा मार्ग, पंखाच्या टोकाजवळून पुढे लांब दांडी काढून तिच्यावर भोकं ठेवायची. दांडी पंखाच्या तिथल्या रुंदीइतकी तरी पुढे जायला हवी. पण हँगरमध्ये तिला रोज कुणीतरी धडकतं.

कागदावर किंवा संगणकावर जागा काढता येते का? जवळपास पोचता येतं. शेवटचे ५० फूट हवेत जाऊनच मिळतात.

प्रश्न : मी बारामतीला उड्डाण शिकते. आमचे इन्स्ट्रक्टर रोज सकाळी सेस्ना-१७२च्या नाकाच्या डाव्या बाजूचं ते बारीक भोक बघायला लावतात. ते बंद झालं तर नक्की काय होतं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : जमिनीवरच बंद झालं असेल, तर नळीत धावपट्टीवरचा दाब कोंडून राहतो. तू चढतेस, पण अल्टिमीटर जागचा हलत नाही, चढ-उतार दर्शक शून्यावर राहतो आणि वेगदर्शक उंचीबरोबर कमी कमी दाखवू लागतो. म्हणजे तू नाक खाली घालशील, खरं तर वेग पुरेसा असताना. उंचीवर असताना बंद झालं आणि तू तिथून खाली आलीस, तर उलट वेग जास्त दिसतो; अल्टिमीटर आणि चढ-उतार दर्शक तेव्हाही जागचे हलत नाहीत.

२ ऑक्टोबर १९९६च्या रात्री एरोपेरूचं उड्डाण ६०३ लिमाहून निघालं. बोईंग ७५७ धुताना आणि पॉलिश करताना डाव्या बाजूच्या स्टॅटिक पोर्टवर टेप लावली होती, ती काढायची राहिली. खाली अंधारा समुद्र. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली, त्याने पडद्यावरचा आकडा सांगितला, आणि तो आकडा त्याच विमानाने त्याच बंद पोर्टवरून पाठवलेला होता. ७० माणसं गेली. माझ्याकडे पोर्ट झाकायची टेप एकच आहे, भडक लाल, हातभर लोंबत्या फितीची. साधी टेप मी त्या कामाला वापरूच देत नाही, नवऱ्यालाही नाही.

तुमच्या १७२मध्ये पर्यायी स्टॅटिकची खुंटी असेल तर ती कुठे आहे ते डोळे मिटून सापडेल इतकं लक्षात ठेव. ती ओढली की उपकरणं केबिनमधला दाब घेतात, म्हणून वेग आणि उंची दोन्ही थोडी जास्त दिसतील. किती, ते विमानाच्या हँडबुकातल्या तक्त्यात दिलेलं असतं. तो तक्ता एकदा वहीत उतरवून घे.

आणि सकाळी भोक तपासताना तिरक्या उजेडात, जवळ जाऊन बघ. विमान आदल्या दिवशी धुतलं असेल तर पॉलिशचं मेण, पावसाळ्यात पाण्याचा थेंब, चिखल हे शोध. काही दिसलं तर इन्स्ट्रक्टरना सांग आणि मेकॅनिकला येऊ दे. सुई किंवा काडी आत घालू नकोस.